शब्दाला त्याचे गाव विचारा

सुरतेत इंग्रजी विकत मिळते. वराछ्याला मिळते, अडाजणला मिळते आणि आता आमच्या उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतही मिळते. खाली किराणा दुकान, वर एम्ब्रॉयडरीची मशिने आणि मधल्या मजल्यावर क्लासची पाटी: स्पोकन इंग्लिश, आयईएलटीएस, बँकेच्या परीक्षा. फी भरली की पोराच्या हातात झेरॉक्स कागदांची चळत पडते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे हिंदी किंवा गुजराती अर्थ. आठवडाभर घोका, शनिवारी टेस्ट द्या, पुढच्या शनिवारपर्यंत विसरा. त्या कागदावरचे शब्द एकमेकांना ओळखत नाहीत आणि पोरगा त्यांच्यातल्या कुणालाच ओळखत नाही.

मी मूळची अमळनेर तालुक्यातली. लग्न झाले, ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि इथे मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवता शिकवता निवृत्त झाले. या पोरांचे बाप लूमवर, आया घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावणाऱ्या. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. चार भाषांत सहज भांडू शकणारे पोर इंग्रजीपुढे उभे राहिले की मुके होते आणि त्यावर औषध म्हणून आपण त्याला यादी देतो. माझे म्हणणे असे की यादी बंद करा आणि शब्दांची मुळे शिकवा. तीही लॅटिन-ग्रीकच्या टोकाकडून नको. पोराच्या तोंडात जी भाषा आधीच आहे, तिच्याकडून सुरुवात करा.

खान्देशी माणूस सुरतेत दुसऱ्या खान्देशी माणसाला भेटला की नाव विचारायच्या आधी गाव विचारतो. मग तालुका, मग आडनाव, मग 'अमक्या पाटलांचे तुम्ही कोण?' दोन मिनिटांत काहीतरी नाते निघते आणि तो माणूस पुन्हा विसरला जात नाही. शब्दाशीही ओळख अशीच करून घ्यावी.

उधन्याच्या लूमवरच घ्या. बीमवर गुंडाळलेले उभे सूत म्हणजे ताणा. ताणा, ताण, ताणणे हे सगळे संस्कृतातल्या 'तन्' या धातूचे वंशज. अर्थ ओढून लांब करणे. तंतू त्यातलाच. 'तंत्र' या शब्दाचा एक जुना अर्थच मुळी माग असा आहे. आज तो तंत्रज्ञानात जाऊन बसलाय. लॅटिनमध्ये या धातूचा सख्खा भाऊ आहे 'तेन्देरे', अर्थ तोच, ताणणे. त्याच्यापासून इंग्रजीत आलेला 'टेन्शन' आमच्या गल्लीतली दुसरीतली पोरेसुद्धा वापरतात. म्हणजे ताण आणि टेन्शन हे एकाच घरातले. फळ्यावर एवढे लिहिले की बाकीची वरात मागून येते. बाहेर ताणले की एक्स्टेन्ड. ताणून उभारलेले कापड म्हणजे टेन्ट. मन एखाद्या गोष्टीकडे ताणणे म्हणजे अटेन्शन. स्नायूला हाडाशी ताणून धरणारा तो टेन्डन. खरे झाकायला पुढे काहीतरी पसरून धरणे म्हणजे प्रिटेन्ड, आणि असे सतत करणारा माणूस प्रिटेन्शस. ताणून ताणून तकलादू झालेला युक्तिवाद म्हणजे टेन्यूअस. हा शेवटचा शब्द क्लासच्या यादीत 'कमजोर' एवढ्या अर्थाने येतो आणि पोरे तो रोगी माणसालाही लावतात. ताण्याचे सूत किती बारीक झाले की तुटते हे ज्याचा बाप रोज पाहतो, त्याला 'टेन्यूअस' शिकवायला खरे तर यादी लागू नये.

कापडाच्या शहरात आणखी एक धातू फुकट मिळतो. लॅटिन 'तेक्सेरे' म्हणजे विणणे. टेक्स्टाइल त्यातून, हे सांगावे लागत नाही, रिंग रोडवरच्या निम्म्या मार्केटांच्या पाट्यांवर तो शब्द आहे. पण टेक्स्ट, म्हणजे मजकूर, हाही विणलेलाच. टेक्स्चर म्हणजे विणीचा पोत. कॉन्टेक्स्ट म्हणजे सोबत विणलेले. आता आपला 'संदर्भ' बघा: सम् आणि दृभ्, म्हणजे एकत्र गुंफणे. दोन भाषांत दोन वेगळे धातू, पण कल्पना एकच: वाक्याचा अर्थ त्याच्या आजूबाजूच्या धाग्यांत असतो. संदर्भ सोडून घोकलेला शब्द का टिकत नाही, याचे उत्तर त्या शब्दातच विणलेले आहे.

आता ज्यावर माझा सगळा आग्रह उभा आहे, ती गोष्ट सांगते. इंग्रजीतले सोपे शब्द आपल्यापासून लांब आहेत आणि अवघड शब्द जवळ.

दात म्हणजे टूथ. ऐकून काही नाते लागत नाही. पण दाताचा तो डेंटल, आणि संस्कृतात दंत. पाय म्हणजे फूट. पण पायी चालणारा पेडेस्ट्रियन, आणि आपल्याकडे पाद. दहा म्हणजे टेन. पण दशांश म्हणजे डेसिमल. आग फायर, पण पेटवणे इग्नाइट, आणि आपला अग्नी. मेलेला डेड, पण मर्त्य तो मॉर्टल, आपल्याकडे मृत. देणे म्हणजे गिव्ह. देणगी मात्र डोनेशन, आपले दान. जहाज शिप; जहाजांच्या दलाचे ते नेव्हल, आपली नाव. जड हेवी, जडपणा मात्र ग्रॅव्हिटी, आपला गुरू. राजा किंग, राजेशाही थाटाचे ते रीगल. झोप स्लीप, झोप न येणे इन्सॉम्निया, आणि त्यातला 'सॉम्न' हा आपल्या स्वप्नाचा भाऊ. पहिलीतले शब्द परके आणि पदवीचे शब्द नात्यातले, असा हा उलटा कारभार आहे.

त्याचे कारण इतिहासात आहे. कोलकात्यात १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाचे असू शकत नाही, या भाषांचा उगम एक असला पाहिजे. पुढे १८२२मध्ये जर्मनीत याकोब ग्रिम यांनी, परीकथा गोळा करणारे तेच ग्रिम, ध्वनी कसे बदलत गेले याचा नियम लिहून काढला. इंग्रजी ज्या घराण्यातली, त्या जर्मॅनिक घराण्यात मूळचा 'प' 'फ' झाला, 'द'चा 'ट' झाला, 'त'चा 'थ' झाला. म्हणून पितृचा फादर, दशचा टेन, त्रिचा थ्री. लॅटिन आणि ग्रीकमध्ये हे ध्वनी बरेचसे जुन्या जागीच राहिले. इंग्रजीने घरचे शब्द घरकामाला ठेवले आणि कायदा, वैद्यक, विज्ञान, धर्म, कारभार यांचे शब्द लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचकडून घेतले. अर्ध्याहून अधिक इंग्रजी कोश त्या वाटेने आलेला आहे. ज्याला आपण ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी म्हणून घाबरतो, तो बहुतेक सगळा माल याच गोदामातला. आणि व्होकॅब्युलरी तरी कोण? लॅटिन 'वोक्स' आणि आपली 'वाक्' या बहिणी.

नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९चे पुस्तक सुरत स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आजही मिळते. मुळांवरून शब्द शिकवणारे चांगले पुस्तक आहे, मी ते वर्गात वापरले आहे. पण ते अमेरिकन वाचकासाठी लिहिलेले. त्यात 'एगो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी', असे सांगून सुरुवात होते. अमेरिकन मुलाला ते नवे. आमच्या पोराला एवढेच सांगायचे, की एगो म्हणजे तुझा अहम्, भाऊबंदच. अहंकाराला इगो म्हणायला आपण सगळे केव्हाच शिकलोय. लुइस ज्या वाटेने लांबून आणतात तिथे आपल्याला मागच्या दाराने जाता येते, हे सांगणारे पुस्तक मात्र आपल्याकडच्या शाळांत नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो रास्त आहे. बाई, हे सगळे संस्कृत जाणणाऱ्यांचे चोचले. लिंबायतच्या लूम कामगाराच्या पोराला 'दंत' आणि 'पाद' कुठून माहीत? त्याला माहीत असतात दात आणि पाय. पण दात, पाय, नाव, सात, आठ, नऊ, दहा, गाय, माय, भाऊ हे कुणी पोथीतून शिकलेले नाहीत. हजारो वर्षे तोंडातोंडी झिजत आलेले तेच शब्द आहेत. 'ताण' हा शब्द कुठल्या पंडिताचा नाही. शिवाय आमच्या लिंबायतमध्ये मराठी शाळेच्या शेजारी उर्दू शाळा आहे. तिथल्या मुलीला दंत माहीत नसेल, पण दंदान माहीत असतो. नाम, बिरादरी, मादर तिच्या भाषेत फारसीतून आलेले आहेत, आणि फारसी ही संस्कृतची जवळची बहीण. बिरादर आणि ब्रदर यांचे नाते तिला फळ्यावर दाखवले की ती वर्गाला घेऊन पुढे जाते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते. देशात असे शहर क्वचितच सापडेल. ओडिया पोराकडे दांत आहे. तेलुगू ही वेगळ्या कुळातली भाषा, पण तिनेही संस्कृतातून भरपूर शब्द उचललेले. मुळांचा हा वारसा एका जातीचा नाही, एका धर्माचा नाही आणि एका भाषेचाही नाही. उलट घरात इंग्रजी नसलेल्या, क्लासची फी न परवडणाऱ्या पोराला तोच सर्वांत स्वस्त पडतो.

दुसरी ठेव शाळेच्या पुस्तकांत पडून आहे. मराठी माध्यमात शिकलेली पोरगी अकरावीला इंग्रजी माध्यमात गेली की विज्ञानाच्या वर्गात रडकुंडीला येते. तिला प्रकाशसंश्लेषण येत असते, फोटोसिंथेसिस येत नाही. पण हा मराठी शब्द घडवणाऱ्यांनी इंग्रजी शब्दाचे सांधे मोजून घडवलाय: फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे सम्, थेसिस म्हणजे ठेवणे, जुळवणे. तसेच पॉलिनोमिअल आणि बहुपदी. बायोलॉजी आणि जीवशास्त्र. इथे तर ग्रीक 'बिओस' आणि आपला 'जीव' हे मुळात एकच. ॲनॉनिमस म्हणजे अनाम, तुकड्याला तुकडा. सेंटिपीड म्हणजे शतपाद. पेरिमीटर आणि परिमिती तर जुळ्या बहिणी वाटतात. आपल्या परिभाषाकारांनी दरवाजे बांधून ठेवलेत आणि आपण पोरांना भिंत दाखवतोय.

उपसर्गांचे तर सरळ दुर्लक्ष म्हणावे लागेल. मराठी व्याकरणाच्या तासाला उपसर्ग शिकवतात: सु, दुर्, परि, उप, अ, अन्, प्र, अंतर. इंग्रजीच्या तासाला प्रिफिक्स शिकवतात: यू, डिस्, पेरि, हायपो, अ, अन्, प्रो, इंटर. हे एकाच आज्याचे नातू आहेत, पण दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये बसून एकमेकांना हे सांगत नाहीत. माझ्याकडे संध्याकाळी येणारी एक पोरगी फार्मसीचा डिप्लोमा करत होती. डिसेंट्री हा शब्द तिला कधी लक्षात राहत नसे. मी तिला दोन तुकडे करून दिले. डिस् म्हणजे आपला दुस्, बिघडलेले. एन्टेरॉन म्हणजे आतडे. आपले आतडे ज्या 'अंत्र'पासून आले त्याचाच तो ग्रीक भाऊ. बिघडलेले आतडे. ती हसली आणि म्हणाली, "मग गॅस्ट्रोएन्टेरायटिस पण त्यातलाच?" त्यातलाच. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच हायपरटेन्शन घेऊन आली. हायपर म्हणजे उपरि, टेन्शन म्हणजे ताण. वरचा ताण. मग हायपोटेन्शन म्हणजे काय, हे तिला विचारावेच लागले नाही. एक शब्द शिकवला की दहा न शिकवलेले कळतात, हा हिशेब यादीत कधी बसत नाही.

सुरत हे शहर या कामाला परके नाही. मुंबईचे एक मराठी मास्तर इथे १८४०च्या दशकात इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी छापले होते. सुरतेत दुर्गाराम मेहता यांच्याबरोबर १८४४मध्ये त्यांनी मानवधर्म सभा काढली आणि जातिभेद, जादूटोणा यांवर भर शहरात चर्चा घडवली. आपल्या भाषेची हाडे-सांधे मोजलेला माणूस परक्या भाषेचा शिक्षक झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे तर्खडकर हे आडनाव भाषांतर पाठमालेमुळे घरोघरी गेले आणि महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या मराठी वाक्याला इंग्रजी वाक्य जोडत इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत दोष असतील, पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती: पोराला येणाऱ्या भाषेचा हात धरून न येणाऱ्या भाषेत जायचे. याच सुरतेचे कवी नर्मद यांनी 'नर्मकोश' १८७३मध्ये पूर्ण करून छापला. गुजरातीचा गुजरातीतच अर्थ सांगणारा तो पहिला मोठा कोश. इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. कोशकाराच्या नावाने विद्यापीठ असलेल्या गावात पोरे झेरॉक्सच्या यादीवर इंग्रजी शिकतात, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हवी.

इंग्रजांनीही इंग्रजी आणली ती याच बंदरात. त्यांची वखार इथे १६१३मध्ये उभी राहिली. तिला ते फॅक्टरी म्हणत, पण तिथे काही तयार होत नव्हते. फॅक्टर म्हणजे व्यवहार करणारा दलाल-मुनीम, लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणे. त्या एका 'फाकेरे'ने फॅक्ट, इफिशियंट, डेफिसिट, प्रॉफिट, सॅक्रिफाइस असे केवढे पीक दिले. या बंदरातून गेलेल्या मालाबरोबर आपले शब्दही तिकडे गेले: छींटचे चिंट्झ झाले, सराफाचा श्रॉफ झाला. असे शब्द गोळा करून यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश काढला. आमच्या पोरांना कुणी सांगितले पाहिजे की इंग्रजी तुमच्याकडे फक्त येत नव्हती, इथून काही घेऊनही जात होती.

या शहराच्या दोन धंद्यांतून मी वर्गात सांगते ते आणखी दोन शब्द. वराछ्याचा हिरा, म्हणजे डायमंड, हा ग्रीक 'अदामास'पासून आला. ग्रीक त्याचा अर्थ 'ज्याला नमवता येत नाही तो' असा लावत. त्यातले दमन आणि आपले दमन एकच, म्हणजे जवळपास अदम्य. हट्टी माणसाला इंग्रजीत ॲडमंट म्हणतात, तोही त्यातलाच. दुसरा शब्द रिंग रोडचा. तिथे सगळा व्यापार उधारीवर. माल आज जातो, पैसे महिन्यांनी येतात आणि एखादी पार्टी पळाली की बाजारात 'उठमणूं' झाल्याची बोंब उठते. या उधारीला इंग्रजीत क्रेडिट म्हणतात. लॅटिन 'क्रेदो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. आणि तो शब्द तुकड्यातुकड्याने आपल्या 'श्रद्धा'शी जुळतो. दोन्हीचा मूळ अर्थ एखाद्यावर आपले हृदय ठेवणे असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. हे ऐकलेला पोरगा क्रेडिबल, इन्क्रेडिबल, क्रेडेन्शियल, डिस्क्रेडिट यांत अडत नाही. क्रेड्युलस म्हणजे काय असेल असे मी एकदा विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले: "भोळा. जो उधार देतो तो." कोशात इतका चांगला अर्थ मला मिळालेला नाही.

आता खबरदारी. गाव कळले म्हणजे माणूस कळला असे नाही. अमळनेरचा माणूस सुरतेत येऊन काय करतो, हे त्याच्या गावावरून सांगता येत नाही. मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हाताने केलेले, आणि आज हात लागला नाही तरी त्याला मॅन्युफॅक्चर म्हणतात. नाइस हा शब्द लॅटिनमधल्या 'अज्ञानी'पासून निघाला आणि चांगुलपणापर्यंत येऊन पोचला. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला आमचा सगळा बाजार ग्रे म्हणतो आणि लोकांना वाटते हा रंग. पण तो शब्द कच्च्या रेशमाच्या फ्रेंच आणि इटालियन नावावरून आलाय, रंगाशी त्याचे सोयरसुतक नाही. सारखे दिसणारे सगळेच नातेवाईक नसतात, हेही शिकवावे लागते. पेडेस्ट्रियनमधला पेड म्हणजे पाय, पण पेडिॲट्रिशियनमधला पेड म्हणजे ग्रीक मूल. पोरे बालरोगतज्ज्ञाला पायांचा डॉक्टर करून टाकतात. डायरीमधला 'दिएस' आणि आपला दिवस नात्यातले, पण इंग्रजी 'डे' त्या घरातला नाही, कितीही तसा दिसला तरी.

याहून मोठा धोका फुशारकीचा आहे. 'सर्व भाषा संस्कृतपासून निघाल्या' हे वाक्य व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरते. सप्टेंबर म्हणजे सप्त-अंबर, असे त्यात लिहिलेले असते. पु. ना. ओक यांनी तर व्हॅटिकन म्हणजे वाटिका इथपर्यंत मजल मारली होती. सप्टेंबरमध्ये सात आहे हे खरे, ऑक्टोबरमध्ये आठ, नोव्हेंबरमध्ये नऊ आणि डिसेंबरमध्ये दहा आहेत हेही खरे. कारण जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. पण ते लॅटिन आकडे आहेत. आपल्या आकड्यांचे चुलतभाऊ, मुलगे नव्हेत. संस्कृत ही लॅटिनची आई नाही, बहीण आहे. हा फरक समजला की गर्व जातो आणि कुतूहल राहते, आणि शब्द शिकायला कुतूहलच लागते. मी पोरांना एक नियम घालून दिलाय: नाते सांगायचे तर पुरावा कोशातून दाखवायचा, कानाला सारखे वाटले हा पुरावा नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी याच्या खुणा दिलेल्या आहेत. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६मध्ये आला. शंका आली की तिथे बघायचे.

आणि मुळे कळली तरी वाक्य करता आलेच पाहिजे. इन्क्रेड्युलस हा माणूस असतो आणि इन्क्रेडिबल ती गोष्ट असते, हे धातू सांगत नाही, वापर सांगतो. म्हणून माझ्या वर्गात एका धातूला एक आठवडा. त्यातले चार-पाचच शब्द, प्रत्येकाचे स्वतःच्या घरातले किंवा कारखान्यातले एक वाक्य, आणि त्या आठवड्यात इंग्रजी पेपरात किंवा औषधाच्या वेष्टनावर तो धातू कुठे दिसला ते कापून वहीत चिकटवायचे. संख्या कमी दिसते. पण वर्ष संपताना पोराला जे अनोळखी शब्द फोडता येतात, त्यांची संख्या कुणी मोजत नाही. परीक्षेत, मुलाखतीत, नोकरीत समोर येतात ते अनोळखी शब्दच.

मला नवे ॲप नको, नवी योजना नको. तीन गोष्टी पुरेत. विज्ञान आणि गणिताच्या मराठी-गुजराती पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जी पारिभाषिक शब्दांची यादी असते, तिथे प्रत्येक शब्द फोडून दाखवावा: परि आणि मिती, पेरि आणि मीटर, समोरासमोर. ज्या आठवड्यात मराठीच्या किंवा गुजरातीच्या तासाला उपसर्ग येतात, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला त्यांचे भाऊबंद यावेत. त्यासाठी स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या जवळ ओढाव्या लागतील, बस. आणि आईबापांनी क्लासची फी भरताना एवढेच विचारावे, की इथे शब्द पाठ करून घेतात की फोडायला शिकवतात? सुरतेचा माणूस मीटरभर कापड घेतानाही सूत चिमटीत धरून बघतो. हजारोंची फी भरताना त्याने ती सवय घरी ठेवू नये. गुजरातेत शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधीच्या सुटीत सात माध्यमांचे शिक्षक एका सभागृहात बसवून वीस उपसर्ग आणि पन्नास धातू ठरवायला शिक्षण समितीला एक दिवस पुरेल, आणि मला बोलावले तर खडू मी घरून आणीन.